मायच्या कानाले फोन

माझ्या मायला शिक्षणातलं एकच कळायचं, ते म्हणजे नंबर. पहिलीपासून तिचा एकच प्रश्न, "नंबर कितवा?" पहिला आला की ती काही बोलायची नाही, वांग्याचं टोपलं डोक्यावर घेऊन मुकाट बाजाराला निघायची. दुसरा आला की मात्र वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून सांगायची, "नंबर हुकला वो माह्या पोरीचा." स्कॉटलंडच्या त्या शाळेत माझी पहिली सहामाही संपली, तेव्हा हॉस्टेलच्या व्हरांड्यातल्या फोनवरून मी तिला सांगितलं की इथं नंबर देतच नाहीत. पलीकडून विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "नंबर देत नाही तं मंग शिकवते कायले ते लोकं?" मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, कारण खरं सांगायचं तर तोवर मलाही अगदी हेच वाटत होतं.

मी तिथं कशी पोचले हे सांगत बसले तर गाडी भलतीकडेच जाईल. थोडक्यात एवढंच, की आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमना माझ्याविषयी उगाच मोठा विश्वास होता. त्यांनी कुठल्याशा शिष्यवृत्तीला माझं नाव दिलं, पुण्याला मुलाखतीला स्वतः घेऊन गेल्या, आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांसाठी माझी निवड झाली. आमचं घर माळ्याचं. मंगरूळपीरच्या बाहेर, बसगाड्यांचे हॉर्न ऐकू येतील इतक्या अंतरावर मळा, आणि मळ्यातच टिनाच्या छपराचं घर. घरात बाबा, माय, आजी, आणि नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली शांताआत्या. माझ्या पाठची दोन राहिली नाहीत, म्हणून मी एकटीच. निवडीची बातमी आली तेव्हा आजीनं कपाळाला हात लावला, "एकुलती एक पोर, अन् समुद्रापल्याड? डोकसं फिरलं का तुमचं?" माय सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. दातानं दोरी तोडून ती म्हणाली, "जाऊ द्या. इथं राहून काय करन, जुड्याच बांधन." झालं, ठरलं.

पहाटे मोटार सुरू झाली की आमच्या घराला जाग यायची. टाक्यात मेथी धुतल्याचा छपछप आवाज, आत्याच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि त्यात माझं पाठांतर. माय जुड्या बांधता बांधता माझं पुस्तक मांडीवर धरून बसायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मी म्हणते आहे तोवर ती नुसती मान हलवायची आणि मी जरा अडखळले की तिचा हात थांबायचा. "अटकली. पयल्यापासून म्हण." मी पहिल्यापासून म्हणायची. इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं मी असं शिकले, स्वल्पविरामासकट. वर चुलीवरची चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आता डॉक्टर मला तिखट खाऊ देत नाहीत, आणि माझी मुलगी म्हणते की तुमच्या काळात शिकवत नव्हते, कोंबत होते. म्हणू दे. तिला काय ठाऊक, मायच्या मांडीवर पुस्तक उघडं असलं की म्हणायला किती जोर यायचा.

त्या पाठांतराची तिकडे जी गत झाली ती ऐका. भूगोल शिकवायला मिसेस केर होत्या, त्याच आमच्या हॉस्टेलच्या प्रमुख. पन्नाशीच्या, उंच, करड्या केसांच्या, कायम एकच लोकरीचं जाकीट. त्यांनी पहिल्याच महिन्यात निबंध दिला, दुष्काळ का पडतो. मी पुस्तकातलं सगळं प्रकरण घडाघडा उतरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवून घेतलं. चेहरा गंभीर. हे पुस्तकातून बघून लिहिलंस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पाठ आहे. त्यांना ते खरं वाटेना. मग मी हात मागे बांधून उभी राहिले आणि अख्खं प्रकरण म्हणून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता शाबासकी. त्या म्हणाल्या, "हे विलक्षण आहे. पण हे पुस्तक म्हणतं. तू काय म्हणतेस?" मी म्हटलं, "मी काय म्हणणार?" अहो, आमच्या घरात मोठ्यांच्या मध्ये तोंड उघडलं की पाठीत धपाटा बसायचा, आणि ही बाई विचारते, तू काय म्हणतेस! त्या निबंधाला मला इतके कमी गुण मिळाले की मी ते घरी कधीच सांगितले नाहीत. दहावीत तालुक्यात पहिली आलेली मी, हॉस्टेलच्या खोलीत समुद्राकडच्या खिडकीपाशी बसून ठरवून टाकलं होतं की आपल्याला काहीच येत नाही.

हळूहळू जमलं. जमलं म्हणजे काय, सवय झाली. उकडलेल्या बटाट्याची झाली, दुपारीच मावळणाऱ्या सूर्याची झाली, मास्तरला "मला हे पटत नाही" असं म्हणण्याची झाली. मिसेस केर यांनी मला आमच्या मळ्यातल्या विहिरींवर लिहायला लावलं. पाणी खाली कसं गेलं, शेजारच्यांनी बोअर मारल्या तेव्हा आमची विहीर कशी आटली, भाजी कमी आणि सोयाबीन जास्त का झालं. मी फोनवर बाबांना विचारून विचारून ते लिहिलं. बाबांना इतकं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मिसेस केर म्हणाल्या, हे शेवटच्या निकालात धरलं जाईल, इथं निम्मे गुण वर्षभर केलेल्या कामाचे असतात. मी हे घरी सांगितलं नाही. नंबर नाही एवढ्यानंच माय घाबरली होती, आता परीक्षासुद्धा अर्धीच म्हटलं असतं तर तिनं मला परत बोलावून घेतलं असतं.

फोन रविवारी. तिकडे सकाळी न्याहारीची भांडी वाजत असायची, इकडे दुपार झालेली असायची. मी गेल्यावर बाबांनी एक मोबाइल घेतला होता, तो घरात सगळ्यांचा मिळून एकच. आधी आजी, "जेवली का? थंडी लय हाय का?" मग आत्या, मग बाबा, आणि सर्वांत शेवटी माय, कारण तिला निवांत बोलायचं असायचं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मायचा आवाज बारीक झाला. घसा बसला म्हणाली. नंतर बाबा म्हणाले, अकोल्याच्या डॉक्टरनं बोलायला मनाई केली आहे, घशावर ताण नको. घशासाठी मंगरूळपीरहून कुणी अकोल्याला जातं का, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी सतरा-अठरा वर्षांची होते, आणि आपली माय आजारी पडू शकते हेच मुळात माझ्या गावी नव्हतं.

तेव्हापासून बाबांनी युक्ती काढली. ते म्हणायचे, "थांब, फोन मायच्या कानाले लावतो. तू बोल, ते आयकते." आणि मी बोलायची. पलीकडून श्वास ऐकू यायचा, जरा जड, मध्येच अडकणारा. आत्या बाजूनं सांगायची, "हासून राह्यली पाह्य तुही माय," किंवा "मान हालवून राह्यली." मी बोलत सुटायची. बोलणारी माय उलट काही विचारायची, रागवायची. ही ऐकणारी माय नुसती ऐकत होती, त्यामुळे माझी भीड चेपली. पाळीच्या दिवसांत तिथल्या थंडीनं किती दुखतं ते मी तिला सांगितलं. माझ्या खोलीतली नीनो, जॉर्जियाची मुलगी, झोपेत तिच्या भाषेत रडते ते सांगितलं. आणि एका रविवारी, आवाज खाली करून, हेही सांगितलं, "माय, बाबाले सांगजो नोको, पण मले आता तिकडं कायमचं राहाले नाही जमणार वाटते. मले इकडंच पुढं शिकाचं हाय." पलीकडे श्वास एकदम थांबला. मग पुन्हा सुरू झाला. आत्या म्हणाली, "रडून राह्यली तुही माय." मला वाईट वाटलं, पण मन हलकंही झालं.

मार्चमध्ये तिकडे बर्फ वितळायला लागलं. मे महिन्यात परीक्षा होती. मी दिवसभर अभ्यास करायची, आणि रविवारी त्या श्वासाला सांगायची की माय, बघ, यंदा सोडणार नाही.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखजी म्हणतात. दिवाळीपेक्षा आम्हाला हा सण जवळचा, कारण हा घरातल्या गेलेल्या माणसांचा सण. कुंभाराकडून मातीची नवी घागर आणायची, थंड पाण्यानं भरायची, पाटावर मांडायची, वर खरबूज ठेवायचं, आणि गेलेल्याच्या नावानं पुरणपोळी, आंब्याचा रस, कढी, वडे, कुरडया असं पान वाढायचं. उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत आपलं माणूस तहानलेलं राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरात माझ्या आठवणीत एकच घागर भरली जायची, आजोबांची, म्हणजे आबांची. बाप्या माणसाची घागर मोठी असते, बाईमाणसाची लहान. ज्याचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे त्याचीही आम्ही भरतो. पाणी द्यायला वर्षाची वाट पाहत नाहीत.

त्या वर्षी अखजी रविवारी नव्हती. पण मला सकाळपासून पुरणाचा वास आठवत होता, म्हणून मी वर्गाला जाण्याआधी फोन लावला. घरी तेव्हा दुपारचं पान वाढायची वेळ. बाबांनी उचलला. रविवार नसताना फोन आला म्हणून ते जरा गडबडले.

"काहून वं? काई झालं का?"

"काही नाही बाबा. अखजी ना आज? आबाची घागर भरली का?"

"हाव, भरून राह्यले. तुहा पेपर कोन्या दिवशी हाय?"

तेवढ्यात आतून शांताआत्याचा आवाज आला. आत्याचा आवाज पहिल्यापासून मोठा, मळ्याच्या त्या टोकाला हाक मारली तरी ऐकू जायचा. फोनवर मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती विचारत होती, "भाऊ, लहान घागर कोठी मांडू? आबाच्याच पाटावर, का येगळा पाट टाकू?"

बाबांनी फोनवर हात ठेवला. हात ठेवल्याचा खरखर आवाज मला अजून ऐकू येतो. मी फोन तसाच कानाला धरून उभी होते. आमच्या घरात लहान घागर कुणाची? माझ्या मनात पहिल्यांदा आजीच आली. म्हातारी होती, दम्याची होती. बाबांनी हात काढला तेव्हा मी विचारलं, "आजी गेली का बाबा?"

माझा बाप साधा माणूस. सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा त्यानं माझ्याशी खोटं बोलण्यात काढला होता, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. तेव्हासुद्धा त्यानं "हाव" म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. मी आजीसाठी रडले असते आणि पेपर दिले असते. पण आपली जिवंत आई समोर बसलेली असताना ती मेली असं म्हणणं त्याच्या जिभेला जमलं नाही.

"नाई बाई," ते म्हणाले. "आजी हाय. इथंच बसली हाय."

मग कोण, असं मी विचारलंच नाही. तेवढ्यात मागे आजीनं गळा काढला, "अवो माह्या सुने, पोरीले समजलं वो," आणि मला जे कळायचं ते तिच्या रडण्यातून कळलं. माय होळीच्या आधीच गेली होती. पोटात गाठ होती. दिवाळीला कळलं तेव्हाच उशीर झाला होता. मंगरूळपीरच्या बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त मला.

मी खाली फरशीवर बसले. नीनोनं मला पाहिलं आणि ती धावत जाऊन मिसेस केर यांना घेऊन आली. त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं, साखर घालून काळा चहा दिला.

"कधी गेली?" त्यांनी विचारलं.

"होळीच्या आधी. मार्चच्या सुरुवातीला."

"आणि तुला आज कळलं?"

"परीक्षा आहे म्हणून सांगितलं नाही."

त्यांना ते समजलं नाही. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, आणि इंग्रजीत ते इतकं मूर्खपणाचं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. आमच्या बोलीत ते मूर्खपणाचं नव्हतं. आमच्याकडे पोराची परीक्षा असली की घरातला रेडिओ बंद होतो, भांडणं पुढं ढकलली जातात, आणि कुणी मेलं तर त्याला सांगत नाहीत. शांताआत्याची मुलगी सुमीताई बारावीला होती तेव्हा आबा ऐन पेपराच्या दिवशी गेले. पहाटे गेले. कुणीतरी तिला सांगितलं, ती रडत बसली, आणि पेपर चुकला. बोर्डाला तुमचा आबा गेला का बाबा याच्याशी काय घेणंदेणं? वर्ष गेलं. आणि एकदा वर्ष गेलं की मुलगी शाळेत परत जात नाही, तिचं लग्न होतं. सुमीताईचं झालं, इंझोरीला. गणितात माझ्यापेक्षा हुशार होती ती. आजही भेटली की हिशोब तोंडी करून दाखवते आणि हसते. माझ्या मायनं तेव्हाच शांताआत्यासमोर म्हटलं होतं, "माह्या पोरीच्या पेपरात म्या मेली तरी तिले सांगू नोका."

मिसेस केर माझ्या समोर बसल्या. त्या फार हळू बोलत होत्या. "तुझी आई आजारी आहे असा एक फोन आला असता ना, तर दुसऱ्या दिवशी मी तुला विमानात बसवलं असतं. तिकिटाचीसुद्धा सोय आहे आपल्याकडे. परीक्षा चुकली तरी तुझं वर्षभराचं काम आहे, त्यावर निकाल लावतात. वर्ष गेलं नसतं. दरवर्षी कुणा ना कुणावर अशी वेळ येते." मग त्या म्हणाल्या, "अजूनही तुला परीक्षेला बसायची गरज नाही. हवं तर आजच जा."

मी त्यांच्यावर ओरडले. वऱ्हाडीत ओरडले, कारण इंग्रजीत मला ओरडता येत नव्हतं. "आता जाऊन काय करू? कोण हाय तिथं?" आणि असंच बरंच काही. त्या बाईचा काही दोष नव्हता. शब्द कळत नसतानाही तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या त्या भल्या, व्यवस्थित, सगळ्याची सोय असलेल्या शाळेचाच मला राग आला होता. अशी सोय जगात असते हे आम्हाला कुणी सांगणार नसेल, तर ती असून काय जाळायची?

दुपारी मी पुन्हा घरी फोन लावला. बाबांना विचारलं, "काहून नाही सांगतलं?"

"तुह्या मायनं शपथ घातली होती."

"अन् तुमी फोन मायच्या कानाले लावत होते, ते?"

मग म्हणाले, "म्याच आयकत होतो बाई."

माझी पाळी, माझं दुखणं, नीनोचं रडणं, "मले तिकडं कायमचं राहाले नाही जमणार", सगळं. जानेवारीतले काही श्वास खरंच तिचे होते आणि होळीनंतरचे बाबांचे. मधले कुणाचे, ते मला ठरवता येतं. मी आजवर ठरवलेलं नाही.

परीक्षेला मी बसले. मिसेस केर यांना ते अजिबात पटलं नाही. पण माझं म्हणणं सरळ होतं. ज्या पेपरांसाठी माझी माय माझ्यावाचून मेली, ते पेपरच मी दिले नाहीत तर मग ती कशासाठी तशी मेली? उत्तरं मी कशी लिहिली, आठवत नाही. बाहेर समुद्रपक्षी किंचाळत होते एवढं आठवतं. चांगली पास झाले. पुढचं शिक्षण तिकडेच झालं, नोकरी नंतर पुण्यात लागली, मुलगी झाली. तिची परीक्षा असली की नवरा म्हणतो, तिला त्रास देऊ नकोस. मी तिला प्रत्येक गोष्ट सांगते. मांजर मेलं तरी सांगते.

जूनमध्ये मी घरी गेले. आत्या माझ्याकडे सरळ बघत नव्हती. आजी माझा हात धरून बसायची. भेटायला माणसं येत होती. माय वारल्याचं दोन वाक्यांत उरकून प्रत्येक जण शेवटी हेच म्हणायचा, "पन पोरीचं वरीस वाचलं बाप्पा. लय हिंमतीचा मानूस हाय तुहा बाप." बाबा मान खाली घालून सुपारी कातरत राहायचे. आणि मी आत बसून दात ओठ खायची. विमानात बसल्यापासून मी एकच वाक्य पाठ करत आले होते, मायनं शिकवलं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता. तुम्ही एक फोन केला असता तर मला तिचं तोंड पाहता आलं असतं, आणि माझं काहीही बिघडलं नसतं. हे मी त्यांना सांगणार होते. त्यांना ते कळायलाच हवं होतं, असं मला वाटत होतं. एकटीनं मी ते का सोसावं?

एक पाऊस होऊन गेला होता आणि बाबा वांग्याची रोपं लावत होते. मी गादीवाफ्यातून रोपं उपटून त्यांच्या हातात देत होते. असं काम आम्ही दोघांनी मिळून कधी केलं नव्हतं, ती मायची जागा होती. वाक्य माझ्या अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "एक इचारू का?"

"इचारा."

"तुह्या त्या मॅडम भेटल्या होत्या बाजारात. त्या म्हने, तिकडच्या शाळेत अशी सवलत असते. घरी कोनी बिमार असलं, तं पोराले घरी धाडते, अन् वरीसबी जात नाही. खरं हाय का?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. हातातलं रोप त्यांनी मातीत खोवलं होतं, पण बोटं बाहेर काढली नव्हती. अडतिसाव्या-चाळिसाव्या वर्षी माणूस इतका म्हातारा दिसू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"छ्या," मी म्हणाले. "कायची सवलत? पेपर म्हंजे पेपर. नापास करून वापस पाठवलं असतं."

"पक्कं?"

"पक्कं, बाबा. मॅडमले काय ठावं तिकडचं."

त्यांनी बोटं बाहेर काढली, रोपाच्या बुडाशी माती दाबली. मग तिथंच सरीत खाली बसले, चिखलात, पाय पसरून.

"शेवटच्या दोन दिसांत ते आपली शपथ इसरली," ते म्हणाले. "फोन लावा म्हने. माह्या पोरीले बलावा म्हने. हात जोडे मले. तुहं नाव घेऊ घेऊ जीव सोडला तिनं, अन् म्या काही फोन नाही लावला." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मले वाटे, चुकलं का काय आपलं. झोप नाही लागे. बरं झालं बाई तू सांगतलं. बरं झालं नाही लावला."

मी पुढचं रोप त्यांच्या हातात दिलं.